डिलिव्हरीचे पैसे जास्त वाटले? तारे कापण्याआधी एवढं तपासा

भोसरीच्या वर्कशॉपवाल्यांपासून चाकणच्या कंपन्यांत शिफ्ट करणाऱ्या तरुणांपर्यंत, ऑनलाइन खरेदी करणारे वाचक एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. वस्तू चांगली निघाली, वेळेवर आली, पण डिलिव्हरीचे पैसे भरमसाट लावले. मग विक्रेत्याला तारे किती द्यायचे? दुसऱ्या टोकाचेही वाचक आहेत. पार्सलवर चिकटवलेल्या पावतीत टपालखर्च ७० रुपये दिसतो, आपल्याकडून घेतलेले असतात १५०. तरी ‘कशाला कुणाच्या पोटावर पाय द्या’ असं म्हणून ते पाच तारे देऊन मोकळे होतात.

दोन्हींत कुणाचं तरी नुकसान होतं. महिन्याला मोजक्याच ऑर्डरी पाठवणाऱ्या छोट्या विक्रेत्याची सरासरी एका रागाच्या ताऱ्याने झटकन खाली येते आणि यादीत त्याचं नाव मागे पडतं. आपल्या पट्ट्यात असे विक्रेते पुष्कळ आहेत. नोकरी सांभाळून बाईकचे सुटे भाग विकणारे, घरून मसाले-चटण्या पाठवणाऱ्या बचत गटाच्या बाया, लेथवर केलेले जिग आणि स्टँड ऑनलाइन विकणारे, सगळे यात आले. उलट, खरोखर फसवणूक झाली असताना तुम्ही गप्प राहिलात, तर तुमचे पाच तारे बघूनच पुढचा माणूस पैसे भरतो. म्हणून अभिप्राय द्याच, पण देण्याआधी पंधरा मिनिटं खर्च करा.

पहिला प्रश्न: पैसे घेतले कोणी?

ऑर्डरचं बिल उघडा. शेवटच्या आकड्यात बहुतेक वेळा तीन-चार वेगळ्या रकमा मिसळलेल्या असतात: वस्तूची किंमत, डिलिव्हरीचा आकार, प्लॅटफॉर्म फी, रोखीने पैसे देण्याचा जादा आकार, कधी गिफ्ट पॅकिंग. यातली प्लॅटफॉर्म फी विक्रेत्याच्या खिशात जात नाही. रोखीचा आकार आणि डिलिव्हरीचा आकारही पुष्कळदा वेबसाइटच ठरवते. तिने लावलेल्या पैशांसाठी विक्रेत्याचे तारे कापले, तर ज्याचा दोष आहे त्याच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही.

माल पाठवला कोणी, हेही बघा. अ‍ॅमेझॉन किंवा फ्लिपकार्टच्या गोदामातून आलेला माल आणि विक्रेत्याने स्वतः कुरिअरला दिलेला माल यांत मोठा फरक आहे. पहिल्या प्रकारात डिलिव्हरीची तक्रार कंपनीच्या ग्राहकसेवेकडे करायची. दुसऱ्या प्रकारात मात्र विक्रेता जबाबदार धरता येतो.

तिसरी गल्लत सगळ्यांत जास्त होते. वस्तूचं परीक्षण आणि विक्रेत्याचा अभिप्राय या दोन वेगळ्या जागा आहेत. वस्तूच्या पानावर ‘डिलिव्हरी महाग’ असं लिहून एक तारा दिला, तर तीच वस्तू विकणाऱ्या बाकीच्या दहा जणांना त्याचा फटका बसतो आणि ज्याने पैसे उकळले तो नामानिराळा राहतो. अ‍ॅमेझॉनवर विक्रेत्याचा अभिप्राय ऑर्डरच्या यादीतून स्वतंत्रपणे देता येतो. तो देण्याला मुदत असते, म्हणून फार दिवस लांबवू नका.

खर्च खरंच जास्त आहे का?

‘दोनशे ग्रॅमच्या वस्तूला अडीचशे रुपये?’ हा सवाल अनेकदा चुकीच्या हिशेबातून येतो. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त भरेल त्यावर पैसे घेतात. आकारमानाचं वजन काढायची रूढ रीत अशी: खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला ५,००० ने भागायचं. काही कंपन्या ५,००० च्या जागी थोडा कमी आकडा धरतात, म्हणजे वजन आणखी वाढतं.

समजा, तुम्ही बाईकचा फायबरचा मडगार्ड मागवला. वजन जेमतेम ६०० ग्रॅम, पण खोकं ४० × ३० × २० सेंटिमीटरचं. गुणाकार २४,०००, भागाकार ४.८. म्हणजे कुरिअरच्या लेखी ते पार्सल ४.८ किलोचं आहे. हेल्मेट, उशा, प्लास्टिकचे ट्रे, लॅम्पशेड या सगळ्यांचं असंच होतं. छोट्या खोक्यात बसणारा ड्रिल बिटचा जड सेट मात्र त्यामानाने स्वस्तात येतो. तुमचं खोकं टेपने मोजा. हिशेब जुळला, तर विक्रेत्याला बोल लावायचं कारण उरत नाही. पण तळहाताएवढी वस्तू भल्यामोठ्या खोक्यात कागदाचे बोळे कोंबून पाठवली असेल आणि त्याचे पैसे तुमच्याकडून घेतले असतील, तर ते जरूर लिहा.

पत्त्याचाही हिशेब असतो. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने ती बसवली. पिनकोडच्या पहिल्या तीन आकड्यांवरून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा ठरतो. भोसरी ४११०३९ आणि चाकण ४१०५०१. रस्त्याने ही गावं शेजारी वाटली, तरी वर्गवारीत ती वेगळी आहेत. खासगी कुरिअर याच पिनकोडवरून आपापले टप्पे ठरवतात. नेहमीच्या हद्दीबाहेरच्या पत्त्याला ते ‘ओडीए’ म्हणतात आणि त्याचा जादा आकार लावतात. चाकण, महाळुंगे, खराबवाडी, निघोजे भागात राहणाऱ्यांनी कुरिअरच्या साइटवर स्वतःचा पिनकोड टाकून बघावा. निगडीच्या मित्राला ६० रुपये आणि तुम्हाला ११० लागले, यामागे विक्रेत्याची लबाडी असेलच असं नाही.

टपाल खात्याचे जुने दर डोक्यात ठेवून रागावू नका. रजिस्टर्ड बुक पोस्टची सवलतीची सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. जुनी पुस्तकं, जुने दिवाळी अंक मागवणाऱ्या वाचकांना तेव्हापासून टपालखर्च एकदम वाढलेला दिसतो तो त्यामुळे. पाठोपाठ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आणि ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टचे दर बदलले. जुन्या पुस्तकांचा धंदा आधीच पातळ नफ्यावर चालतो. ८० रुपयांच्या पुस्तकाला तेवढंच टपाल लागलं म्हणून त्या विक्रेत्याचा तारा कापणं मला अन्यायाचं वाटतं.

आता पार्सलवरच्या ७० रुपयांच्या पावतीचा मुद्दा. तो आकडा फक्त टपालाचा असतो. खोकं, बबल रॅप, चिकटपट्टी, पोस्टापर्यंतची फेरी आणि काही ठिकाणी डिलिव्हरीच्या रकमेवरही वेबसाइट कापते ते कमिशन, हे सगळं विक्रेत्याला त्यातच बसवावं लागतं. काचेची किंवा नाजूक वस्तू नीट गुंडाळून पाठवली असेल, तर ७० च्या जागी १०० किंवा ११० घेतले तरी मी ते रास्त धरेन. साध्या पाकिटात घालून पाठवलेल्या वस्तूला दुप्पट-तिप्पट घेतले असतील, तर विचारा.

तारा कापण्याजोगी कारणं

- पाहताना एक रक्कम, पैसे भरताना दुसरी. वस्तूच्या पानावर ‘फ्री डिलिव्हरी’ आणि शेवटच्या पायरीवर ‘हँडलिंग’चे ८० रुपये.
- वस्तू ९९ रुपयांना आणि डिलिव्हरी ३५०. कमी किमतीच्या क्रमात वर दिसण्यासाठी ही युक्ती केली जाते. एकूण रक्कम आधी दिसत होती, एवढ्यावर ती माफ होत नाही. तुम्ही घेतलं असेल, तर वस्तूबद्दल चांगलं लिहा आणि किमतीची मांडणी दिशाभूल करणारी आहे हेही लिहा.
- एकाच विक्रेत्याच्या तीन वस्तू एका खोक्यात आल्या, पण डिलिव्हरी तीनदा लावली, आणि विचारल्यावर फरक परत करायला नकार दिला.
- जलद सेवेचे पैसे घेतले आणि पाठवलं साध्या सेवेने. ट्रॅकिंगवर बुकिंगची तारीख आणि सेवेचा प्रकार दिसतो.
- डिलिव्हरीचे पैसे आधी ऑनलाइन भरले असताना दारात पुन्हा मागितले.
- सदोष वस्तू परत पाठवायचा खर्च तुमच्यावर टाकला आणि तशी अट आधी कुठेच लिहिलेली नव्हती.

एवढंच लक्षात ठेवा: जी रक्कम तुम्हाला स्पष्ट दाखवली, जी पाहून तुम्ही ‘खरेदी करा’ दाबलं आणि तेवढीच घेतली, ती नंतर महाग वाटली म्हणून विक्रेत्याला शिक्षा देऊ नका. ती नापसंत असेल तर पुढच्या वेळी दुसरीकडून घ्या.

कायदा तुमच्या बाजूने काय देतो

ई-कॉमर्ससाठीचे ग्राहक संरक्षण नियम २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झाले. त्यांनुसार विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची असते आणि सोबत तिची फोड द्यायची असते. डिलिव्हरी, टपाल आणि हाताळणी, वाहतूक, कर, सगळं वेगवेगळं. परतीचा खर्च कोणाचा, हेही सांगावं लागतं. विक्रेत्याने ग्राहकाचं सोंग घेऊन स्वतःच्याच मालाचे अभिप्राय लिहिण्यालाही याच नियमांत बंदी आहे. प्रत्येक वेबसाइटला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची.

३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी ग्राहकाला फसवणाऱ्या १३ प्रकारच्या मांडण्यांना मनाई केली. तुकड्या-तुकड्याने किंमत वाढवत नेणं हा त्यांतला एक प्रकार. न विचारता विमा किंवा देणगी टोपलीत घालणं हा दुसरा. मात्र आधी उघड सांगितलेला डिलिव्हरीचा आकार या मनाईत येत नाही. एमआरपीवर डिलिव्हरीचे पैसे वेगळे लावणं बेकायदा आहे, असं बरेच जण समजतात. स्पष्ट, वेगळे दाखवलेले असतील तर ते चालतात.

अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेलं हे मानक ऐच्छिक आहे. केवळ वाईट आहे म्हणून अभिप्राय दाबू नये, लिहिणाऱ्याची खातरजमा करावी, त्याच्या शब्दांत फेरफार करू नये, हा त्याचा गाभा. तुमचा अभिप्राय न छापता नाकारला, तर कारण विचारताना या मानकाचा उल्लेख करा.

चाकणचा ट्रॅफिक विक्रेत्याच्या माथी मारू नका

तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता आणि पुणे-नाशिक महामार्ग जिथे भेटतात तिथली कोंडी इथे राहणाऱ्याला सांगायला नको. शिफ्ट सुटायच्या वेळी डिलिव्हरीची गाडी तिथे अडकली, तर दुपारचं पार्सल दुसऱ्या दिवशी येणारच. ट्रॅकिंग बघा. विक्रेत्याने ठरल्या दिवशी माल कुरिअरच्या हातात दिला असेल, तर त्याचं काम तिथे झालं.

या पट्ट्यात पार्सलं परत जाण्याची आणखी दोन कारणं नेहमीची आहेत. कंपनीचा पत्ता दिला की गेटवरचा सुरक्षारक्षक डिलिव्हरीवाल्याला आत सोडत नाही, आणि तुमचा मोबाइल शॉप फ्लोअरवर जाताना लॉकरमध्ये राहिलेला असतो. भाड्याच्या खोलीचा पत्ता दिला, तर त्यावर खोली क्रमांक नसतो आणि एकाच मालकाच्या चाळीत तीस खोल्या असतात. पार्सल परत गेलं आणि विक्रेत्याने दुसऱ्यांदा पाठवायचे पैसे मागितले, तर ते त्याला खरोखर लागलेले असतात. त्यावर संताप काढण्याऐवजी पत्त्यात घरमालकाचं नाव, जवळचं देऊळ किंवा दुकान आणि दिवसा फोन उचलू शकेल अशा माणसाचा नंबर घाला. मात्र कुरिअरने फोन न करताच ‘ग्राहक उपलब्ध नाही’ अशी नोंद टाकली असेल, तर कॉलच्या यादीचा स्क्रीनशॉट काढून कुरिअरविरुद्ध तक्रार करा आणि विक्रेत्यालाही पाठवा. त्यालाही तो पुरावा उपयोगी पडतो.

लिलावात बोली लावत असाल तर

जुनी नाणी, टपाल तिकिटं, कॅमेरे, घड्याळं यांच्या ऑनलाइन लिलावांत टपालखर्चाचे वाद जास्त होतात, कारण जिंकलेली बोली म्हणजेच पूर्ण किंमत असं नवखे धरून चालतात. बोलीवर लिलावगृहाचं कमिशन, कर, पॅकिंग, टपाल आणि मौल्यवान वस्तू असेल तर विमाही चढतो. बोली लावण्याआधी लेखी विचारा: ‘माझ्या पिनकोडला पॅकिंग आणि विम्यासह पाठवायचे किती घ्याल? दोन लॉट जिंकले तर एकत्र पाठवाल का?’ उत्तर जपून ठेवा. अभिप्राय देताना त्याच उत्तराशी ताळा करायचा.

ईबेची भारतीय साइट २०१८ मध्ये बंद झाली, तरी परदेशी ईबेवरून मागवणारे संग्राहक आपल्याकडे आहेत. तिथे अभिप्रायाची पद्धत १९९६ पासून आहे. वर्णन, संवाद, पाठवण्याचा वेग आणि पाठवणीचा खर्च यांना वेगवेगळे तारे देण्याची सोय २००७ मध्ये आली. खर्चाची नाराजी खर्चापुरती ठेवायची, हा त्यामागचा विचार मला पटतो. तुमच्या साइटवर असे कप्पे नसतील, तर तुमच्या वाक्यांत ते पाडा. परदेशी पार्सलवर इथे भरावं लागलेलं सीमाशुल्क मात्र कधीच विक्रेत्याच्या खात्यावर मांडू नका. ते सरकारकडे जातं.

आधी विचारा, मग लिहा

विक्रेत्याला आधी एक संदेश पाठवा. सूर साधा ठेवा: ‘ऑर्डरमध्ये डिलिव्हरीचे १५० रुपये घेतले, पार्सलवरच्या पावतीत ७० आहेत. फरक कशाचा ते कळवाल का?’ दोन-तीन दिवस वाट बघा. पुष्कळदा फरक परत येतो किंवा पटण्याजोगं उत्तर मिळतं. उत्तर आलंच नाही, तर तेही अभिप्रायात लिहिण्याजोगं आहे.

लिहिताना आकडे द्या, विशेषणं टाळा. हे बघा:

- नको: ‘लुटारू विक्रेता. कोणीही घेऊ नका.’
- हवं: ‘व्हर्नियर वर्णनाप्रमाणेच, शून्य बरोबर जुळतं. डिलिव्हरी १५० घेतली, टपाल ७० चं, पॅकिंग साधं पाकीट. विचारल्यावर उत्तर नाही.’
- नको: ‘डिलिव्हरी महाग, एक तारा.’
- हवं: ‘एका खोक्यात तीन वस्तू आल्या, डिलिव्हरी तीनदा लावली. कळवल्यावर दोनदाचे जादा पैसे चार दिवसांत परत. ऑर्डर देण्याआधी एकत्र पाठवायला सांगा.’

दुसऱ्या नमुन्यातल्या विक्रेत्याला मी चार तारे देईन. चूक झाली, पण त्याने ती निस्तरली. पहिल्याला तीन, कारण वस्तू खरी आहे. एक तारा राखून ठेवा तो माल न पाठवणाऱ्यासाठी, खोटा माल देणाऱ्यासाठी आणि पैसे बुडवणाऱ्यासाठी.

विक्रेत्याचा किंवा डिलिव्हरीवाल्याचा फोन नंबर, घराचा पत्ता, फोटो अभिप्रायात टाकू नका. ‘चोर’, ‘फ्रॉड’ असे शब्द तर नकोतच. घडलं तेवढं खरं आणि पुराव्यासह लिहिलंत तर बदनामीच्या नोटिशीला घाबरायचं कारण नाही. पैसे परत आल्यावर अभिप्राय सुधारता येत असेल तर सुधारा. आधीचा मजकूर पुसण्यापेक्षा खाली ‘अमुक तारखेला रक्कम मिळाली’ अशी ओळ जोडणं जास्त उपयोगी.

लालूच आणि दबाव

खोक्यात कधी चिठ्ठी निघते: ‘पाच तारे द्या, १०० रुपये कॅशबॅक मिळवा.’ घेऊ नका. चिठ्ठीचा फोटो काढून वेबसाइटला कळवा. ‘वाईट अभिप्राय काढा, मगच रिफंड देतो’ असा संदेश आला, तर तोही जपून ठेवा. रिफंड हा तुमचा हक्क असेल, तर त्याला अशी अट घालता येत नाही.

घरबसल्या वस्तूंना तारे द्या आणि रोज पैसे कमवा, असे टेलिग्राम-व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप हा सरळ सायबर गुन्हा आहे. सुरुवातीला थोडे पैसे देतात, मग ‘टास्क’साठी आधी रक्कम भरायला लावतात. पिंपरी-चिंचवड पोलिसांकडे असे गुन्हे वारंवार दाखल झाले आहेत आणि त्यांत शिकलेसवरलेले नोकरदारही अडकले. पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम थांबवणं अवघड.

अभिप्रायाने काम झालं नाही तर

1. वेबसाइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ऑर्डर क्रमांक, बिल, वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट, पार्सलवरच्या लेबलचा फोटो जोडा. म्हणून लेबल लगेच फाडून फेकू नका.
2. महिन्यात निकाल लागला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोला. मराठीत बोलता येतं. व्हॉट्सअ‍ॅपसाठी ८८००००१९१५.
3. तेवढ्यानेही भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. विक्रेता सुरतचा असो की लुधियानाचा, तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात, म्हणजे पुण्यात, तक्रार करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

ऐंशी रुपयांसाठी आयोगात जायचं का? एकट्या ग्राहकाने त्यासाठी जावं असं मी सांगणार नाही. १९१५ वरची नोंद मात्र छोट्या रकमेसाठीही करा, कारण एकाच विक्रेत्याविरुद्ध अशा नोंदी साठल्या की प्रकाराकडे लक्ष जातं. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यातच सुरू केली. तिचे कार्यकर्ते अशा तक्रारींत मार्गदर्शन करतात.

भोसरी, तळवडे, चाकणच्या लघुउद्योजकांसाठी शेवटची पण महत्त्वाची गोष्ट. धंद्यासाठी घेतलेल्या मालाबाबत ग्राहक कायदा सहसा लागू होत नाही. अपवाद एकच: स्वतः राबून, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वस्तू घेतली असेल तर तुम्ही ग्राहक ठरता. स्वतः लेथ चालवणाऱ्याने घेतलेला मायक्रोमीटर यात बसू शकतो. दहा कामगारांच्या युनिटने कंपनीच्या नावावर, जीएसटी क्रमांक टाकून घेतलेली यंत्रसामग्री बसणं अवघड. अशा खरेदीत डिलिव्हरीचा आकार, विमा आणि उतरवून घेण्याचा खर्च कोणाकडे, हे पर्चेस ऑर्डरमध्येच लिहून घ्या आणि पुरवठादाराकडून त्यावर ईमेलने होकार मागवा. वाद झाला तर तोच कागद समोर ठेवता येतो.